ओढ्यापलीकडचं स्थळ

आमच्या तालुक्यात कुठलं काम कुठे होणार हे ओळखायला सरकारी कागद लागत नाही, अप्पांच्या घरच्या लग्नपत्रिका पुरतात. अप्पा म्हणजे आमचे आमदार. त्यांच्या वडिलांनाही लोक अप्पाच म्हणत, त्यामुळे पिढी बदलली तरी घोषणा बदलावी लागली नाही. थोरल्या लेकीच्या सासरी सिमेंटचा रस्ता झाला, धाकटीच्या सासरी दवाखाना. कर्नाटकातल्या बसवकल्याणहून आमच्याकडे येताना डांबर जिथे संपतं, तिथे अप्पांचे सोयरे संपले असं खुशाल समजावं. आमच्या गावात त्यांचं कुणीच नव्हतं. म्हणून आमच्या आणि मोठ्या रस्त्याच्या मध्ये एक ओढा होता आणि त्यावर पूल नव्हता.

याचा कुणाला रागही येत नसे. "माणूस घरच्याचंच बघणार की," असं लोक कौतुकाने म्हणत. जो लेकीबाळींना विसरत नाही तो आपल्याला कसा विसरेल, असं त्यांचं म्हणणं. त्याने आपल्याला कधी लक्षात घेतलं होतं, असं मी विचारलं की मला वाकड्या तोंडाचा ठरवत.

माझी थोरली मुलगी ओढ्यापलीकडच्या शाळेत शिकवते. पावसाळ्यात चपला हातात धरून ती पाण्यात उतरते आणि पलीकडे पोचेपर्यंत मी काठावर उभा राहतो. एकदा तिचा पाय सुटला होता. बाभळीचं मूळ हाती लागलं म्हणून पोरगी वाचली. तेव्हापासून त्या पाण्याची मला भीती वाटते, आणि भीती वाटली की माझं तोंड जास्त चालतं.

अप्पांना मुलगा नाही. भावाचे दोन मुलगे, तेच वारस. त्यातल्या थोरल्या पुतण्यासाठी मुलगी बघणं चालू आहे अशी बातमी आली. मुलगी घरात मराठी बोलणारी, शिकलेली आणि कन्नडमधून न अडखळता भाषण करणारी पाहिजे होती. कारण उद्या एखादी जागा बायकांसाठी राखीव झाली तर ती बाहेरच्या बाईला द्यावी लागू नये. एवढी दूरदृष्टी त्यांनी आमच्या ओढ्याबाबत दाखवली असती तर मी स्वतः त्यांचे बॅनर बांधले असते.

माझ्या मुलीचं कन्नड उत्तम आहे. गावाच्या डोळ्यांपुढे एकदम पूलच उभा राहिला. आमच्या पंचायतीचे अध्यक्ष मला न विचारताच अप्पांकडे जाऊन आले आणि मग मारुतीच्या देवळात मला बोलावून मुलगी बघण्याचा दिवस सांगितला. नात्याशिवाय पूल होत नाही, तर आपणच नात्यात जाऊ, हा त्यांचा शोध. माझी मुलगी हा त्या योजनेतला किरकोळ खर्च होता. मी चिडलो, पण नाही म्हणालो नाही. पाण्याची भीती मलाच जास्त होती.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी ओढ्यात मुरूम टाकून गाड्यांपुरती वाट झाली. इतकी वर्षं जे सरकारी अडचणीत अडकलं होतं ते चहापाण्यासाठी सुटलं. अध्यक्ष मुरमावर उभे राहून म्हणाले की नुसतं बघायला यायचं तर एवढं, सोयरीक झाल्यावर काय काय होईल.

पाहुणे आले. आमच्या हिने फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. पुतण्या मोबाइलमध्ये बघत होता, अप्पा मुलीकडे. त्यांनी तिला कन्नडमधून चार वाक्यं बोलायला लावली आणि खूश होऊन म्हणाले, तुला काही विचारायचं असेल तर विचार.

ती म्हणाली, "अप्पा, मी तुमच्या घरात न्हाई आले तरी आमच्या ओढ्यावर पूल होईल का?"

अध्यक्षांच्या घशात चुरमुरे अडकले. अप्पा मात्र रागावले नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला आणि अगदी मायेने सांगितलं, "बाळ, परक्या गावाला पूल दिला तर घरच्यांला काय तोंड दाखवू?"

माणूस लबाड असता तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता.

गाड्या गेल्यावर मुलगी मला म्हणाली, "बाबा, पूल पाहिजे तर पूल मागा. माझ्या बदल्यात कामून मागायलात?" मला तिच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी मी नकार कळवला. गाव आमच्याशी बोलेनासं झालं, आणि मुरूम पावसाळ्यात वाहून गेला.

पुतण्याचं लग्न दुसऱ्या गावात झालं, आणि पुढच्या निवडणुकीत अप्पांनी त्यालाच उभं केलं. मला वाटलं, आता तरी गावाला शहाणपण येईल. पण आमच्या गावासारखं एकगठ्ठा मतदान दुसरीकडे झालं नसेल. का, तर हा आपल्या गावात मुलगी बघायला आला होता. जावई होता होता राहिला, म्हणजे आपलाच. तो निवडून आला आणि त्याने पहिला पूल सासुरवाडीला बांधला.

परवा मी काठावर उभा असताना अध्यक्ष शेजारी येऊन थांबले. बऱ्याच दिवसांनी बोलले.

"बघा अण्णा, माणूस घरच्या रीतीला पक्का निघाला. सासुरवाडीला पूल दिलाच."

पलीकडून माझी धाकटी मुलगी कॉलेजातून परत येत होती. तिने चपला काढून हातात घेतल्या. अध्यक्ष तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"त्याचा धाकटा भाऊ अजून लग्नाचाच हाय म्हणायलेत. हिचं कन्नड कसं हाय?"

मी पाण्यात उतरलो आणि आधी तिचा हात धरला.