बॅक्टेरियाचं एकवचन

बाबा गेल्यानंतर आई एकटीच राहते. परवा मी गेले, तेव्हा ती छोट्या वाटीत दही लावत होती. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे सहज म्हणाले, “या चमचाभर विरजणात कोट्यवधी बॅक्टेरिया आहेत.”

“आणि एकच असला तर?”

“बॅक्टेरियम.”

“हा शब्द कधी ऐकला नाही गं.”

खरंच होतं. डेटा, मीडिया, बॅक्टेरिया हे लॅटिनमधून इंग्रजीत आलेले शब्द मुळात अनेकवचनी. त्यांचं एकवचन कुणी विचारतच नाही.

“एकटा सहसा सापडत नाही,” मी म्हटलं.

आईनं वाटीवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, “उद्या राहशील का?”

आजवर तिनं असं कधीच विचारलं नव्हतं. मी कॉलेजात फोन करून रजा कळवली.