धाब्याची भोकं

नंदुरबारच्या म्युनिसिपालिटीत कारकून असताना प्लेगनं ओस पडलेल्या घरांवर मी नोटिसा चिकटवत असे. रिकाम्या घराचं मातीचं धाबं, म्हणजे सपाट छप्पर, फुटलं असेल, तर मालकानं महिन्यात दुरुस्त करावं, नाहीतर आम्ही घर पाडणार. मालक अजून शेतातल्या झोपड्यांत होते. तिथं त्यांना ही नोटीस कशी दिसणार, याची कुणाला फिकीर नव्हती.

एका गल्लीत एकच म्हातारी परतली होती. स्वतःचा ओटा सारवून झाला की ती शेजारच्या बंद घरांचे ओटेही सारवायची. मी नोटिशीला खळ लावताना ती हात थांबवून बघायची. एकदा म्हणाली, "दादा, साथमा घरमा ऊन पडो म्हनीसन तुम्हनाच मानसंस्नी धाबाले भोकं पाडात. आते तुम्हीच म्हनतस, घर फुटेल शे."

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, भोकं कुणी पाडली याचा रकाना फॉर्मात नाही. आजही आठवलं की डोकं तापतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत एकही नोटीस दिसेना. ओट्यांबरोबर तिनं भिंतीही सारवल्या होत्या. ओल्या शेणाखाली कागदाच्या कडा तेवढ्या उठून दिसत होत्या.

मी अहवालात लिहिलं, नोटिसा भिंतींवर आहेत.