बंद दुकानाचं भाडं

"अरे, दुकानाला कुलूप आहे. भाडं कोण देतंय मला? मग टॅक्स कसला?"

जाधवकाकूंनी आयकराच्या नोटिशीचा प्रिंटआउट माझ्या टेबलावर ठेवला. काकू शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. टोपी बाजारातलं साफ्यांचं, म्हणजे फेट्यांचं, दुकान काका चालवायचे. ते गेले तसं दुकान बंद झालं आणि काकूंच्या नावावर आलं.

दौलतगंजात माझं टॅक्सचं ऑफिस आहे. हा प्रश्न इथे बरेचदा येतो. दुकान रिकामं असलं, तरी भाड्याने दिलं असतं तर काय आलं असतं, ते धरून टॅक्स लागू शकतो. आम्ही त्याला 'डीम्ड रेंट' म्हणतो. सूट हवी असेल तर दाखवावं लागतं की भाडेकरू शोधला, पण मिळाला नाही.

"काकू, कोणी बघायला आलं होतं?"

"येतात की! मोबाइलवाले आले, चपलावाले आले. सगळ्यांना काउंटर तोडायचंय. मी मना केलं."

ते सागवानी काउंटर मला चांगलं आठवतं. माझ्या लग्नाचा साफा काकांनी तिथेच बांधला. माझी हनुवटी धरून म्हणाले, "आता हलू नकोस. उद्यापासून हलायचंच आहे." लग्नसराईत तिथे बसायला जागा नसायची. शहराच्या लष्कर भागातली अर्धी मराठी घरं भेटायची. कोणाचं कुठे जमलं, ते तिथल्या बाकावर कळायचं.

काकूंचा मुलगा अमोल इंदूरला असतो. त्याचा फोन आला. "दादा, विकून टाकायला सांगा ना. आई मेरी तो सुनती ही नहीं."

मी काकूंना केस कमजोर असल्याचं सांगितलं. बाजार मंदा आहे, एवढाच मुद्दा माझ्याकडे होता. सुनावणी माझ्या ऑफिसातून व्हिडिओवर झाली. आयकराच्या साहेबांचा फक्त आवाज येत होता.

"मैडम, कोई किराएदार आया था?"

मी तोंड उघडायच्या आत काकू पुढे सरकल्या. "आए थे. मैंने ही मना किया."

निकाल विरुद्ध गेला. काकूंनी टॅक्स भरला. मग ऑफिसात येऊन म्हणाल्या, "मी स्वतः दुकान चालवलं तर?"

"स्वतःच्या धंद्याच्या जागेला डीम्ड रेंट नाही. पण धंदा खरा हवा, काकू. नुसतं शटर वर करून भागणार नाही."

"नुसतं शटर वर करायला मी या वयात जिना उतरणार का?"

काकांचे जुने कारीगर रफ़ीकभाई घरीच बसून होते. काकूंनी त्यांना बोलावलं. वरातीसाठी साफे भाड्याने द्यायचे, बांधायला रफ़ीकभाई. पहिल्या लग्नसराईत मी डोकावलो. एक नवरामुलगा मोबाइल बघत मान हलवत होता आणि काकू त्याला वर्गातल्या पोरासारखं दटावत होत्या, "सीधे बैठो!" मला हसू आलं, आणि हात आपसूक हनुवटीकडे गेला.

त्या वर्षी दुकानाला तोटा झाला. मी तो रिटर्नमध्ये दाखवला. अमोलने विकायचं नाव काढणं सोडलं.

रिकाम्या दुकानाचं काय करावं, असं क्लायंट अजूनही विचारतात. मी सांगतो, भाड्याने द्या, विका, नाहीतर स्वतः गादीवर बसा. आठवणींसाठी कुलूप लावून ठेवायचं असेल, तर त्यावर सूट नाही.