प्रिंगलसाहेबांचा हात

अ‍ॅलनबर्न गावचा अ‍ॅडम लेडलॉ स्कॉटलंडकडून इंग्लंडविरुद्ध रग्बी खेळला, तोही एकदाच. तेव्हा एकेका बाजूला वीस-वीस गडी असत. पुढच्या फळीतला अ‍ॅडम सगळा वेळ मान खाली घालून रेटत होता; चेंडू त्याला धड दिसलाही नाही. देशाने दिलेली मखमली टोपी त्याची बायको आयसोबेल चहाच्या किटलीवर घालायची. निदान चहा तरी गरम राहतो, म्हणायची, तुम्ही ती डोक्यावर घालून काय दिवे लावणार होता?

त्या काळी मैदानात शिट्टीवाला पंच नसे. ज्याच्या हातून आगळीक झाली, त्यानेच ती कबूल करायची. हे अ‍ॅडमच्या अंगात इतकं मुरलं होतं की, कापडगिरणीत मुकादम झाला, नगरसभेवर निवडून आला, तरी खोड गेली नाही.

सभेत त्याला एकच ध्यास. नदीकाठचं कुरण नगराने पोरांना खेळायला घ्यावं. गिरणीतली पोरं गल्लीत खेळत, काचा फोडत आणि शिपायाला हुलकावण्या देत पळत. दोनदा ठराव पडला. तिसऱ्यांदा नगराध्यक्षांनी हात मोजले आणि एका मताने मंजूर म्हणून सांगितलं.

अ‍ॅडमचा ऊर भरून आला. पण त्याने पाहिलं होतं. लोकरीचे व्यापारी प्रिंगलसाहेब, कुरणाचे कट्टर विरोधक, डुलकी घेत होते आणि नाकावरची माशी हाकलायला त्यांनी हात उचलला होता. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

अ‍ॅडम जड अंगाने उठला.

"अध्यक्षसाहेब, प्रिंगलसाहेबांचा हात मोजू नका. तो माशीसाठी होता."

प्रिंगल दचकून जागे झाले, विषय कोणता म्हणून विचारलं आणि ठासून विरोधात मत दिलं. कुरण गेलं.

गिरणीत कितीतरी दिवस कुणी त्याच्याशी नीट बोललं नाही.

"अख्खी सभा पेंगत होती," आयसोबेल म्हणाली, "जागा तेवढा माझाच नवरा." पण त्याच्या कपात तिने नेहमीपेक्षा जास्त साखर घातली.

पुढच्या उन्हाळ्यात अ‍ॅडमने पुन्हा ठराव आणला. या खेपेला प्रिंगलसाहेबांनी डोळा मिटला नाही. सगळं ऐकलं, आपल्या फुटलेल्या काचांबद्दल भरपूर कुरकुर केली. मतांची वेळ आली तेव्हा काठी टेकत उभे राहिले आणि हात सरळ वर केला.

"लेडलॉ, नीट बघून घे. आज माशी नाहीये."

अ‍ॅडमला काही बघता आलं नाही. इंग्लंडविरुद्ध घातली होती, तशीच त्याने मान खाली घातली होती.