ताईच्या छातीचं

लढाईच्या त्या हिवाळ्यात बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात रोज दोन पाळ्या करत होते. आमच्या क्वार्टरांत फ्लू शिरला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ताई पंधराची. लहानपणी सांध्यांचा ताप आल्यापासून ताईच्या हृदयाची झडप खराब होती. बादली उचलली की तिला धाप लागे. कोणाला दिसू नये म्हणून आई लगेच दार लोटून घेई.

दोघींनाही ताप चढला. तिसऱ्या दिवशी आईनं आम्हाला इस्पितळात नेलं. मुलांचा वॉर्ड भरला होता, म्हणून आम्हाला एकाच खाटेवर निजवलं. शेजारच्या खाटेपाशी आमच्याच लाइनीतली एक बाई आपल्या मुलाला घेऊन बसली होती.

डॉक्टरनं विचारलं, "पहले से कोई तकलीफ? दमा, दिल की बीमारी?"

"नहीं जी," आई म्हणाली. "दोनों अच्छी हैं."

त्यानं घाईत पाठीला नळी लावली, सलाइन लिहून दिलं आणि पुढे गेला.

मी हळूच म्हटलं, "आई, ताईच्या छातीचं काहून नाही सांगितलं?"

"चूप. ती बाई ऐकून राहिली. उद्या साऱ्या लाइनीत होईल. मग हिला सून कोण करून घेईल?"

ताई जागी होती.

दुसरी बाटली लावताना सिस्टरनं मलाच विचारलं, "दीदी हमेशा ऐसे ही हाँफती है?"

मी आईकडे पाहिलं. "नहीं," म्हटलं.

दुपारी ताईला आडवं होता येईना. मानेच्या शिरा तटतटल्या, तोंडाला गुलाबी फेस आला. डॉक्टर धावत आला, समोरून नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला.

"इसका दिल तो बरसों से खराब है. बताया क्यों नहीं? हम इतना पानी चढ़ाते ही नहीं."

आई शेजारच्या खाटेकडे पाहत राहिली. चारच्या सुमारास ताई गेली. बाबांची पाळी तेव्हा सुटायची होती. माझा ताप दोन दिवसांत उतरला.

तेरावं झाल्यावर बाबांनी आईला विचारलं, "डॉक्टरला सांगितलं काहून नाही?"

"सिस्टरनं हिला विचारलं होतं," आई म्हणाली. "हिनं नाही म्हटलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आई भांडी घासायला उठली. त्यानंतर बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलत. आधी डॉक्टरनं कोणाला विचारलं होतं, ते मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.