‘उरलं तर’ची अट

"म्याडम, पहिलं गावची टाकी. ती भरली की मंग वस्तीची. एवढंच टाका तुमच्या कॉम्प्युटरात," सरपंच म्हणाले.

आम्ही पंपघराच्या बाहेरच्या भिंतीपाशी उभे होतो. परभणीहून आणलेलं पॅनल मी नुकतंच तिथे बसवलं होतं. गाव पिंगळीच्या पुढचं. नाव सांगत नाही. असं गाव एकच नाही.

पाण्याच्या मोटारींचे प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. लाइट आली की मोटार सुरू, टाकी भरली की बंद. हे सगळं इफ आणि एल्सवर चालतं. इफ म्हणजे जर, एल्स म्हणजे नाहीतर. मधे एल्स इफ असतं. त्याचा अर्थ, पहिली अट खोटी निघाली तरच दुसरी तपासायची. पहिली खरी असेल तोवर मशीन दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही.

इथे मोटार एक आणि टाक्या दोन. एक गावात, दुसरी ओढ्यापलीकडच्या वस्तीत. आजवर वॉल्व्ह हाताने फिरवत होते. आता ते काम प्रोग्राम करणार होता.

"आणि गावची टाकी भरायच्या आत लाइट गेली तर?" मी विचारलं.

"उरलं तर देतोच की वस्तीला. आमी काय पाणी कोंडून ठेवायलोत का?"

मागून कुणीतरी हसलं. वस्तीतल्या कांताबाई घागर घेऊन शेतातल्या विहिरीकडे निघाल्या होत्या. पंपघरावरूनच वाट जाते.

"उन्हाळ्यात कवाच उरत न्हाई, ताई. वरून टाकी भरायलीय अन् खालून गाव नळ सोडायलंय. भरंल कशी?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं नळ हाय, तोटी हाय, पाणी तेवढं न्हाई. हिरीवरून पाणी आणून कामावर जाईस्तोवर मुकादम दुसरीला घेऊन गेलेला असतोय."

म्हणजे गावची टाकी अपुरी, ही पहिली अट उन्हाळाभर खरीच राहणार. दुसऱ्या अटीची पाळी येणारच नाही. हाताने वॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाला कधीतरी दया तरी येईल. माझ्या एल्स इफला तीही येणार नव्हती.

मी सरपंचांना दुसरा मार्ग सांगितला. दोन्ही टाक्यांत पाणी किती आहे, ते सेन्सर सांगतोच. जी टाकी जास्त रिकामी, तिला पाणी. तिची पातळी दुसरीपेक्षा वीतभर वर गेली की वॉल्व्ह बदलायचा. वीतभर अशासाठी की वॉल्व्ह सारखा इकडे-तिकडे फिरत राहिला तर जळेल.

"इथली रीत तुमाला म्हाईत न्हाई," सरपंच म्हणाले आणि त्यांनी थेट आमच्या वर्कशॉपचे मालक गिरीश सर यांना फोन लावला. मग फोन माझ्या हातात दिला.

"तू प्रोग्रामर आहेस, पुढारी नाहीस," सर म्हणाले.

"सर, वॉल्व्ह कुणाचा आधी उघडायचा, हे मीच लिहिणार ना?"

"गिऱ्हाईक सांगेल ते लिही."

"लिहिते. पण स्क्रीन तुमच्या नियमाप्रमाणे."

हा नियम सरांचाच. पॅनलच्या स्क्रीनवर कुठली अट लागू आहे आणि काय बंद आहे, ते दिसलंच पाहिजे. नाहीतर लोक मोटार जळाली म्हणून फोन करतात. एरवी आम्ही त्यावर तुटक इंग्रजी टाकतो. त्या दिवशी मी पूर्ण वाक्य टाकलं, मराठीत. आमच्या घरात चळवळीची पत्रकं निघायची; कमी शब्दांत वाक्य बसवणं मी तिथेच शिकले.

सरपंचांनी सांगितलेला प्रोग्राम मी जसाच्या तसा भरला. मोटार सुरू झाली आणि स्क्रीन उजळली: ‘गावची टाकी भरेपर्यंत वस्तीला पाणी नाही.’

कांताबाई परतल्या होत्या. घागर कमरेवर ठेवून थांबल्या. "मला वाचता येत न्हाई. आबा, तुमी वाचा की. काय लिवलंय?"

सरपंचांनी वाचलं. मनातल्या मनात. मग माझ्याकडे वळले. "ही पाटी काढा."

"पाटी नाही, स्क्रीन आहे. जे चालू आहे ते दाखवते."

"मंग दुसरं कायतरी लिवा."

"दुसरं लिहायचं तर दुसरं चालवावं लागेल."

"आबा, वाचा की!" कांताबाई पुन्हा म्हणाल्या. "एवढं काय अवघड लिवलंय?"

सरपंचांनी कपाळावरचा घाम पुसला. शेवटी म्हणाले, "ते तुमचं वीतभरवालं टाका. लय ऊन झालंय."

मी टाकलं. वस्तीची टाकी तळाला होती, त्यामुळे पहिला वॉल्व्ह तिचाच उघडला. स्क्रीन बदलली: ‘वस्तीची टाकी जास्त रिकामी. तिकडे पाणी चालू.’ हे मात्र सरपंचांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

नंतर सेन्सर तपासायला गेले तेव्हा दोन्ही टाक्या अर्ध्याच्या आसपास होत्या. टाकी आता काठोकाठ भरत नाही, अशी गावात कुरकुर होती. कांताबाई भेटल्या नाहीत. त्या वेळेवर कामाला गेल्या होत्या.

अट तोंडी सांगायला कुणाला काही वाटत नाही. सगळ्यांना दिसेल अशी लिहिली की वाटतं. म्हणून कुठलाही इफ लिहिण्याआधी मी तो मराठीत लिहिते आणि अट सांगणाऱ्यालाच मोठ्याने वाचायला लावते.

परवा दुसऱ्या एका गावाचे सरपंच पॅनल ठरवायला वर्कशॉपमध्ये आले. सगळं पसंत पडलं. जाताना त्यांनी सरांना विचारलं, "स्क्रीन इंग्रजीत मिळंल का?"

गिरीश सरांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे मराठीतच येते."