किनारा ओलांडू दे

माझे पती एका सरकारी संशोधन संस्थेत बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा अभ्यास करत. निवृत्तीनंतरही ते काम सुटलं नाही. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की बेंगळुरूत, जे. पी. नगरच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला जाई आणि ताटं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जात. हवामान खात्याचं बुलेटिन आलं की अक्षांश-रेखांश पाहून ते पेन्सिलने खूण करत. वादळ जिथे येऊन गेलं तिथे भरीव ठिपका, जिथे जाईलसं वाटतं तिथे पोकळ वर्तुळ. हेच सगळं मोबाइलवर रंगीत दिसतं, असं मुलगा सांगायचा. "रंगीत दिसतं म्हणून खरं वाटतं," ते म्हणायचे.

बेंगळुरूला समुद्र नाही. इथे वादळ म्हणजे तीन दिवस भुरभुर पाऊस, न वाळणारे कपडे आणि कपाटातून काढलेले स्वेटर. ते कसं जन्मतं हे मला त्यांच्याकडूनच कळलं. समुद्र पुरेसा तापला की त्याची वाफ वर चढते, वर तिचे ढग होतात, आणि ढग होताना वाफेतली उष्णता सुटते. त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खाली दाब उतरतो, चहूकडून वारे धावतात आणि पृथ्वी फिरते म्हणून सरळ न येता वळतात. विषुववृत्तावर हे वळण नाही, म्हणून तिथे चक्रीवादळ होत नाही. "पण त्याला स्वतःचे पाय नसतात," ते सांगत. "वरचे वारे नेतील तिकडे जातं." अंदाजाचा पट्टा पुढे पुढे रुंद का होतो, हेही समजावत. वर्तमानपत्रं त्या पट्ट्यातली नेमकी मधली रेघ छापतात याचा त्यांना मनापासून राग येई.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्यांना घरी आणलं. फुप्फुसांचा कॅन्सर होता, आणि इस्पितळात आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका बुधवारी घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावलं. किती दिवस, ते मी विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. चार दिवस, कदाचित दोन आठवडेही. मी हे कोणालाच सांगितलं नाही. मनात मात्र दोन आठवडे धरले. पट्टा किती रुंद आहे ते माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं गेलं होतं, आणि मी त्यातली मला हवी ती कड उचलली. चाळीस वर्षं त्या घरात राहिलेल्या बाईने.

त्याच दिवशी उपसागरातल्या कमी दाबाचं चक्रीवादळ झालं. त्याला नाव मिळालं होतं, ते इथे लिहवत नाही. नकाशा या वेळी त्यांच्या पलंगावर होता. बुलेटिन मी वाचायची, खूण ते करायचे. दम लागला की पेन्सिल माझ्याकडे देत.

मुलगा चेन्नईला असतो. गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"बाबा, मी आज दुपारी निघतो. रात्रीपर्यंत पोचेन."

"कशाला? तळमजल्यावर बायको आणि तीन महिन्यांचं बाळ टाकून? वादळ किनारा ओलांडू दे. शुक्रवारी संध्याकाळी ओलांडेल. शनिवारी सकाळी नीघ, जेवायला इथे ये."

"शुक्रवारी नक्की?"

"असे अंदाज सांगायच्या पगारावर तुझं शिक्षण झालंय, राजा."

तो हसला. मग म्हणाला, "आई, तू सांग. येऊ की थांबू?"

आमच्या घरात पावसापाण्याचा प्रवास नेहमी हेच ठरवत आले. गाडी कधी काढायची, लग्नाला एक दिवस आधी जायचं का, सगळं. त्यांच्या बोलण्यावर कोणी बोलत नसे, कारण बहुतेक वेळा ते बरोबर निघे. पण मला एक गोष्ट माहीत होती जी त्या दोघांना माहीत नव्हती. ती सांगायची तर त्यांच्यासमोर सांगावी लागली असती, किंवा दुसऱ्या खोलीत जाऊन. दुसरी खोली दहा पावलांवर होती.

"बाबा म्हणतात तसं कर," मी म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी वादळ किनाऱ्याच्या अगदी जवळ आलं आणि थांबलं. शनिवारी सकाळचा ठिपका आदल्या ठिपक्याला चिकटूनच आला. दुपारचा त्याच्यावरच पडला. त्यांनी मला वाचलेले आकडे पुन्हा वाचायला लावले.

"दोन्ही बाजूंनी सारखी ओढ आहे," ते म्हणाले. बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "हलणार नाही. तिथेच ढवळत राहील. खालचं थंड पाणी वर येईल, जोर कमी होईल. पण पाऊस... पाऊस एकाच जागी पडत राहील."

चेन्नईत तेच झालं. मुलाच्या फाटकापाशी गुडघाभर पाणी होतं, गाडी बुडाली होती, रेल्वे आणि विमानं बंद.

खालच्या मजल्यावरच्या बाई त्या दुपारी सार घेऊन आल्या. पिढ्यान्‌पिढ्या याच गावात राहिलेलं मराठी घर त्यांचं, बोलण्यात कानडी शब्द येतच. यांना नेहमीसारखं चिडवावं म्हणून दारातूनच म्हणाल्या, "काय अण्णा, ते वादळ तुम्हीच धरून ठेवलंय की काय? सोडा की स्वल्प. चार दिवस झाले, आमची लुगडी वाळेनात."

ते हसले नाहीत. त्या गेल्यावर म्हणाले, "कुठे जाईल ते बरोबर सांगितलं. कधी, ते चुकलं."

त्यानंतर नकाशा मागितला नाही. संध्याकाळी एकदा आणि रविवारी सकाळी एकदा विचारलं, "निघाला का?" मी दोन्ही वेळा म्हटलं, "निघतोय." रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास ते गेले. वादळाने त्याच संध्याकाळी, बरंच दुबळं होऊन, किनारा ओलांडला.

मुलगा सोमवारी सकाळी अकराला पोचला. अर्धा रस्ता ट्रकने, पुढे बसने. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. यांना ठेवलेल्या काचेच्या थंड पेटीजवळ तो बराच वेळ उभा राहिला. काचेवर धुकं धरत होतं, ते बाहीने पुसत होता.

तेराव्यानंतर, आम्ही दोघं औषधांची पाकिटं आवरत असताना त्याने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते, आई?"

मी सांगितलं.

"म्हणजे चारसुद्धा म्हणाले होते."

"हो."

"कधी?"

"बुधवारी."

त्याने हातातलं पाकीट खाली ठेवलं. "गुरुवारी मी तुला विचारलं होतं."

"तू निघाला असतास. मागे बाळ, पाणी..."

"निघालो असतो किंवा नसतो. ते मी ठरवलं असतं."

त्याचा आवाज चढला नाही. त्याच्या घरात पाणी खरंच शिरलं होतं. तो तिथे होता म्हणून दोघी वरच्या मजल्यावर सुखरूप पोचल्या. हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. पण त्यामुळे माझी सुटका होत नाही. वडील की मुलगी, ही निवड त्याची होती, आणि त्याला न कळवता मी ती करून टाकली होती.

तो रोज फोन करतो. बाळ बसायला लागलं, तेही त्याने लगेच कळवलं. माझी तब्येत विचारतो. मी "बरी आहे" म्हटलं की पुन्हा एकदा विचारतो. गेल्या महिन्यात त्याने माझ्या डॉक्टरांचा नंबर मागून घेतला. मी आकडे एकेक करून सांगितले, आणि त्याने ते परत वाचून दाखवले.